एकटीचं टीटीएमएम : हनोई ते सायगॉन

कॉलेजमधलं आपलं सगळं अर्थशास्त्र चार अक्षरांवर चालतं. टीटीएमएम. तुझं तू, माझं मी. कटिंग चहापासून गोव्याच्या ट्रिपपर्यंत (जी बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच सुरू होते आणि तिथेच संपते) सगळा हिशोब भागाकाराचा. रूम चौघांत, टॅक्सी चौघांत, पनीरची भाजी दोघांत. आता यातून तिघं वजा करा. उरलात तुम्ही एकटे, आणि समोर परदेशातली पाच शहरं. बिल भागायला कोणीच नाही.

सोलो ट्रिपच्या बजेटबद्दल बोलताना हा मुद्दा सहसा कोणी काढत नाही. 'दिवसाला इतक्या रुपयांत व्हिएतनाम' सांगणारे रील्स ढिगाने मिळतात. पण नीट पाहिलं तर रूमचं भाडं दोघांत भागलेलं असतं, गाडीचं तिघांत. एकटं जाणाऱ्याने तोच आकडा धरला, तर चौथ्या दिवशी बजेट आडवं.

मी गेल्या मार्चमध्ये व्हिएतनाम एकटीने केलं. तेरा दिवस, पाच शहरं, खर्च साठ हजारांच्या आसपास. दोन वर्षं सबटायटलिंगची कामं करून साठवलेले पैसे होते, त्यामुळे प्रत्येक हजाराला जीव होता. तेव्हापासून ज्युनियर्सचे मेसेज येतायत, 'ताई, एक्सेल शीट पाठव ना.' शीट पाठवून उपयोग नाही, कारण आकडे बदलतात. ती शीट ज्या एका नियमावर उभी आहे, तो कळला की झालं. नियम साधा आहे. खर्च दोन प्रकारचे असतात. एक 'माणशी' लागणारा आणि दुसरा 'खोलीमागे', 'गाडीमागे' लागणारा. एकट्याने जायचं असेल तर प्लॅनमधला जमेल तेवढा खर्च पहिल्या प्रकारात आणायचा. डॉर्ममधला बेड माणशी असतो, खोली नसते. ट्रेनचा बर्थ माणशी असतो, टॅक्सी नसते. आपल्याकडच्या शेअर रिक्षाचंच तत्त्व हे. फरक इतकाच, की सीट भरायला ओळखीचे लोक नसतात, अनोळखी असतात.

नकाशा आधी, तिकीट नंतर

व्हिएतनामच का? पहिलं कारण व्हिसा. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, सिंगल एंट्रीला २५ डॉलर आणि मल्टिपलला ५०. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा देतात. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' असलेल्या सरकारी साइटवरच भरायचा. सर्च केल्यावर तशाच दिसणाऱ्या एजंटांच्या साइट्सही येतात आणि त्या दुप्पट-तिप्पट पैसे सांगतात. फी परत मिळत नाही, म्हणून नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं टाकायचं. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये असतं, त्या खटपटीत बरेच जण अडकतात. आणि सिंगल एंट्री म्हणजे खरंच एकदाच. 'मध्ये दोन दिवस कंबोडियात जाऊन अंगकोर वाट बघून येऊ' असा मोह झाला, तर परत आत यायला नवा व्हिसा लागतो. तो मोह मी शीटमधूनच उडवला.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. हा देश उभा आणि चिंचोळा आहे. हनोई वर, सायगॉन खाली, आणि दोन्ही जोडणारी १,७२६ किलोमीटरची रेल्वे. फ्रेंचांनी बांधायला घेतलेली ही लाइन १९३६ मध्ये पूर्ण झाली, युद्धात तुटली, आणि देश एक झाल्यावर १९७६ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी सायगॉनचं अधिकृत नाव हो ची मिन्ह सिटी झालं, पण बोलताना लोक सर्रास सायगॉनच म्हणतात. प्लॅन करणाऱ्यासाठी या उभ्या देशाचा अर्थ एवढाच, की पाच शहरं एका रेषेत येतात. कुठेही मागे फिरावं लागत नाही.

म्हणून विमानाचं तिकीट मुंबई-हनोई-मुंबई काढायचं नाही. हनोईला उतरायचं आणि सायगॉनहून परत यायचं. बुकिंगच्या साइटवर 'राउंड ट्रिप'च्या शेजारी 'मल्टी-सिटी' असतं, तिथे हे बसतं. मुंबईहून दोन्ही शहरांना थेट विमानं आहेत आणि स्वस्तातल्या एअरलाइन्स जाण्या-येण्याचे दर वेगवेगळे लावतात, त्यामुळे असं तिकीट महाग पडतंच असं नाही. उलट सायगॉनहून हनोईला परतायचा खर्च आणि अख्खा दिवस वाचतो. मी शीटमध्ये विमानासाठी पंचवीस हजार धरले होते. त्यात सात किलोची केबिन बॅग, बस. चेक-इन बॅगेचे पैसे वेगळे असतात, आणि एकटीने रोज नवा जिना चढायचा असेल तर सात किलो हेच वजन बरं.

शहरं किती? इथे सगळ्यांचा हात सैल सुटतो. सापा, हा जिआंग, हा लाँग बे, दलात, फू क्वोक, सगळंच यादीत. माझं मत स्पष्ट आहे. तेरा दिवसांत पाचच्या वर शहरं घेऊ नका. प्रत्येक नव्या शहरामागे अर्धा दिवस पॅकिंग, स्टेशन, हॉस्टेल शोधणं यात जातो, आणि स्टेशन ते हॉस्टेल हा प्रवास बहुतेक वेळा टॅक्सीचा, म्हणजे गाडीमागे खर्चाचा. शहर वाढलं की एकटीचा खर्च तिथेच वाढतो. माझ्या रात्री अशा होत्या : हनोई दोन, निन्ह बिन्ह दोन, एक ट्रेनमध्ये, ह्वे एक, होई आन तीन, पुन्हा एक ट्रेनमध्ये, सायगॉन दोन. बारा रात्रींपैकी दोन रात्रींचं राहणं ट्रेनच्या तिकिटातच आलं.

या ट्रेनमध्ये 'सॉफ्ट बर्थ'चा डबा चार जणांचा आणि 'हार्ड बर्थ'चा सहा जणांचा असतो. आपल्या स्लीपरमध्ये वाढलेल्या माणसाला दोन्ही चालतात. ह्वे ते दा नांग हा तीनेक तासांचा टप्पा मात्र दिवसाउजेडी करायचा. गाडी हाय व्हान घाटाला बिलगून, अगदी समुद्राच्या वरून जाते. दक्षिणेकडे जात असाल तर समुद्र डावीकडे. याच रस्त्याने खासगी गाडी करून जायचा सल्ला सगळे देतात. चौघं असाल तर जरूर जा. एकटे असाल तर ट्रेनची खिडकी काही कमी नाही.

होई आनला रेल्वे स्टेशन नाही. दा नांगला उतरून तीसेक किलोमीटर जावं लागतं. इथेही टॅक्सीऐवजी हॉस्टेलला विचारायचं, सीटप्रमाणे पैसे घेणाऱ्या शटल व्हॅन असतात. निन्ह बिन्हजवळच्या त्रांग आनला (२०१४ पासून युनेस्कोच्या यादीत) चुनखडीच्या डोंगरांतून, गुहांतून वल्ह्याच्या नावेने फिरवतात. तिथे तिकीट माणशी आणि एका नावेत चार-पाच जण. एकटे गेलात तर तुम्हाला दुसऱ्या ग्रुपबरोबर बसवतात. माझ्या नावेत एक निवृत्त जोडपं आणि त्यांची नात होती. भाषा शून्य, पण दुसऱ्या गुहेनंतर त्यांची संत्री माझ्या हातात होती.

कॅलेंडर बघा, मग कॉलेजचं

हवामानाच्या बाबतीत हा देश तीन तुकड्यांत वागतो, आणि आपल्या सुट्ट्या नेमक्या चुकीच्या वेळी येतात. दिवाळीची सुट्टी म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. तेव्हा मधल्या पट्ट्यात, म्हणजे ह्वे, दा नांग, होई आनकडे मुसळधार पाऊस असतो. होई आनच्या जुन्या गावात पाणी शिरणं ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. डिसेंबर-जानेवारीत दक्षिण मस्त, पण हनोईत स्वेटर लागतो. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी 'तेत' येतं, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष. आपल्या गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्या आठवा, तशा तिथल्या ट्रेन भरतात आणि बरीच दुकानं बंद असतात. उन्हाळी सुट्टीत जाणार असाल तर ३० एप्रिल आणि १ मे टाळा. पहिला त्यांचा विजय दिन, दुसरा कामगार दिन, आणि त्या जोडसुट्टीला सगळा देश फिरायला निघतो. अख्खा देश एका दमात करायचा तर मार्च ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात सोपा. अटेंडन्सचं काय ते तुमचं तुम्ही बघा.

पासपोर्टचं थोडक्यात. छत्तीस पानी पासपोर्टची नेहमीची फी १,५०० रुपये, पोलीस व्हेरिफिकेशनला घरच्या पत्त्यावर हजर राहावं लागतं, हे हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा. असलेला पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी वैध हवा.

तीन शून्यांचा देश

आता पैसे. एका रुपयाला साधारण २९० ते ३०० डोंग येतात, म्हणजे आपण सगळे तिथे लखपती. रस्त्यावर कॅल्क्युलेटर काढत बसू नका. किमतीतली शेवटची तीन शून्यं उडवा आणि उरलेल्याला साडेतीनने गुणा. फोची वाटी पन्नास हजार डोंग? पन्नास गुणिले साडेतीन, पावणेदोनशे रुपये. वीस हजार आणि पाच लाखांची नोट, दोन्ही निळ्या असतात, आणि त्यांच्यात पंचवीस पटींचा फरक आहे. पाच लाखाच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवल्या की अंधारात रिक्षावाल्याशी, सॉरी, ग्रॅब बाइकवाल्याशी घोळ होत नाही.

कार्ड नेणार असाल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करून घ्या आणि तुमची बँक त्यावर किती टक्के मार्क-अप लावते ते विचारा. बऱ्याच साध्या कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो. तिथलं एटीएम किंवा दुकानातलं मशीन 'रुपयांत कापू का?' असं फार प्रेमाने विचारतं. नाही म्हणायचं आणि डोंग निवडायचं, नाहीतर मशीनवाल्याने ठरवलेला दर लागतो.

माझ्या शीटमध्ये विमान आणि व्हिसा सोडून जे होतं ते असं. दहा रात्री डॉर्म, सातशे रुपयांप्रमाणे सात हजार. देशातला प्रवास आठ हजार, त्यातले बहुतेक दोन रात्रींच्या ट्रेनचे. खाणं दिवसाला आठशे. तिकिटं आणि ग्रुप टूर सहा हजार. इन्शुरन्सला हजार, ई-सिमला सातशे. खाण्याचे आठशे काहींना जास्त वाटतील. पण एकटीने फिरताना दिवसातून दोनदा कॅफेत बसणं ही चैन नाही, ती बसायची जागा असते. फोन चार्ज होतो, वॉशरूम मिळतं, नकाशा बघता येतो. पुण्यात अमृततुल्यला उभ्याने चहा पिऊन निघतो तसं तिथे नाही. बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर तासभर बसलात तरी कोणी उठवत नाही.

व्हेज मंडळींनो, एक शब्द पाठ करा. 'चाय'. तिकडे चाय म्हणजे शाकाहारी! आणि चहाला हनोईत काय म्हणतात? साधारण 'चा'. हा घोळ एकदा डोक्यात बसला की विसरत नाही. नुसतं 'नो मीट' सांगून भागत नाही, कारण माशाचं सॉस, नुओक माम, सगळ्यात पडतं. 'कम चाय' लिहिलेली पाटी दिसली की बिनधास्त आत शिरा, 'कम' म्हणजे भात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच बौद्ध लोक चाय खातात, त्या दिवशी अशा गाड्याही जास्त दिसतात. आपल्या संकष्टी-एकादशीचं गणित तिथेही आहे तर.

एका खर्चावर मात्र कात्री लावू नका, तो म्हणजे इन्शुरन्स. आणि त्याला जोडूनच दुसरी गोष्ट. बाइक भाड्याने घेऊ नका. तिथे कोणीही पासपोर्ट बघून स्कूटर देतं, पण प्रश्न लायसन्सचा आहे. आपल्या आरटीओकडून मिळणारं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतं. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातलं परमिट मानतो. म्हणजे आपलं परमिट तिथे चालत नाही. पोलिसांनी पकडलं तर दंड, आणि अपघात झाला तर विनालायसन्स म्हणून इन्शुरन्स कंपनी हात वर करते. हा जिआंगचा डोंगरी लूप करायचाच असेल तर गाडी चालवणारा स्थानिक माणूस घेऊन मागे बसा. होई आनला सायकल पुरते. दोन्ही बाजूंना भातशेती, रस्ता सपाट, आणि टोकाला समुद्र.

होई आनहूनच चाळीसेक किलोमीटरवर मी सन आहे. चाम राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकात बांधलेली शिवमंदिरं. इथलं बरंच काही युद्धात बाँबहल्ल्यात गेलं. उरलेल्यातल्या काही मंदिरांचं जतन आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने केलंय, आणि त्या कामात २०२० मध्ये एक अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं, नवव्या शतकातलं. टूरची बस माणशी पैसे घेते. पहाटेची घ्या, दुपारी विटा तापतात.

'कुणाबरोबर?'

हा सगळा हिशोब जमला, तरी घरी सांगणं बाकीच असतं. मुलग्यांना 'जपून जा' ऐकावं लागतं. मुलींना पहिला प्रश्न 'कुणाबरोबर?' असा येतो. 'एकटी' म्हटल्यावर दुसरा प्रश्न यायला आमच्या घरी दोन दिवस लागले. आईने विचारलं, 'रात्रीचं काय?' बाबांनी विचारलं, 'पैसे संपले तर?' आजीने विचारलं, 'पण कशाला?' आणि धाकटी बहीण काहीच बोलली नाही. तिचा नंबर माझ्यानंतर आहे. माझं नीट झालं नाही तर तिला विचारायचीही सोय राहणार नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

'सेफ आहे गं, सगळे जातात' हे उत्तर कुठल्याच आईला पटत नाही, आणि पटूही नये. मी आईला तारखांचा कागद दिला. त्यावर प्रत्येक रात्रीचा पत्ता, हॉस्टेलचा फोन, ट्रेनचा नंबर, हनोईतला भारतीय दूतावास आणि हो ची मिन्ह सिटीतलं वाणिज्य दूतावास, तिथले इमर्जन्सी नंबर (पोलीस ११३, अँब्युलन्स ११५). प्रत्येक नव्या शहरात उजेडात पोचायचं, हे प्लॅन करतानाच बसवलं. त्यासाठी एक-दोन स्वस्त तिकिटं सोडावी लागली, सोडली. डॉर्म फक्त मुलींचा आणि स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळचा, जरी शंभर रुपये जास्त पडले तरी. बाबांच्या प्रश्नाला उत्तर होतं दुसऱ्या कार्डावरचे दहा हजार, ज्यांना हात लावायचा नाही. ते शीटच्या बाहेरच होते. आजीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'बघायचंय' एवढंच म्हणाले. ती म्हणाली, 'मग ठीक आहे.'

आई आणि माझ्यात एक ठरलं होतं. रोज रात्री हॉस्टेलवर पोचले की एक मेसेज. व्हिएतनाम आपल्या दीड तास पुढे आहे, त्यामुळे माझे नऊ म्हणजे घरचे साडेसात, आईच्या सीरियलच्या आधी. लाइव्ह लोकेशन दिवसभर द्यायला मी नकार दिला. ठिपका पंधरा मिनिटं एका जागी थांबला की घरात काय होतं हे मला ठाऊक आहे. त्यावर वाद झाला, पण मेसेज एकदाही चुकला नाही म्हटल्यावर पाचव्या दिवशी आईने तो विषय सोडला आणि मेसेजला उत्तर म्हणून होई आनच्या कंदिलांचे फोटो मागायला लागली.

बहिणीचा पासपोर्ट आलाय. तिच्या डोक्यात जपान आहे, जे तिच्या सेव्हिंग्जच्या डोक्यात अजून आलेलं नाही. पण तिने शीट उघडून पहिला कॉलम टाकलाय, 'माणशी'.

निघताना एकच बघा. उरलेले डोंग भारतात बदलून मिळणं कठीण असतं, तेव्हा ते सायगॉनमध्येच संपवायचे. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे कॉफी पावडर आणि तो स्टीलचा छोटा फिल्टर, ज्याला ते 'फिन' म्हणतात. फक्त पाव किलोचं पाकीट उचलायच्या आधी बॅग वजनकाट्यावर ठेवा. सात किलो म्हणजे सात किलो.